नळ, वायर का दोरी?

नववी 'ब'चे निबंध तपासत होते. एका वहीत वाक्य होतं : 'देशप्रेम माझ्या नळानळांतून वाहत आहे.'

मी वाक्य दोनदा वाचलं. वही सानिया शेखची. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची चूक शोधून सापडायची नाही. अशा मुलीनं 'नसानसांतून' हा साधा शब्द चुकावा? मग ट्यूब पेटली. वही घेऊन मी स्टाफरूममध्ये गेले. तिथं वाघमोडे सर डबा उघडून बसले होते. बाजरीची भाकरी, ठेचा आणि सोबत कच्चा कांदा, तोही बुक्कीनं फोडलेला.

"सर, हे तुमचं काम," म्हणत मी वही त्यांच्यापुढं आपटली.

त्यांनी हात पुसला, चष्मा चढवला, वाक्य वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, "बरोबर हाय की. मार्क कामून कापले?"

गारखेड्यातल्या आमच्या शाळेत वाघमोडे सरांनी विज्ञान शिकवलं आणि मी मराठी. आमच्या दोघांचं भांडण एका शब्दावरून होतं आणि ते बारा वर्षं चाललं. तो शब्द म्हणजे 'नस'.

सरांचं म्हणणं असं, की आपल्याकडं माणसाच्या अंगात जे काही लांबट आणि बारीक असेल त्याला लोक नस म्हणतात. रक्त वाहणारी ती नस. मेंदूचा निरोप नेणारी तीही नस. आणि स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी चिवट दोरी, पुस्तकात जिला स्नायुरज्जू म्हणतात, तीही नसच. "तीन वेगळ्या वस्तू, बाई. तिन्हीची कामं वेगळी, दुखणी वेगळी, दवा वेगळी. आन् नाव एकच! उद्या तुम्ही घरातल्या नळाला, वायरीला आन् कपडे वाळत घालायच्या दोरीला एकच नाव ठेवा, मंग बघा कोण कशाला हात लावतं ते."

म्हणून त्यांच्या वर्गात 'नस' म्हणायला बंदी होती. कुणाच्या तोंडून शब्द निसटलाच, की सर हातातला खडू रोखून विचारायचे, "कोणती? नळ, वायर का दोरी?" आणि अख्खा वर्ग मागून कोरस धरायचा. मधल्या सुट्टीत खेळताना कुणी "नस चढली रे" म्हणून पाय धरून बसला, की बाकीची पोरं त्याला उठवायच्या आधी विचारायची, "नळ, वायर का दोरी?" आमच्या शिपायालाही ती सवय लागली होती. मला वाटतं, गारखेड्यातल्या निम्म्या घरांत हा प्रश्न पोचला असावा.

मी भाषेची माणूस. एका शब्दाला तीन अर्थ असले तर मला आनंद होतो. मी सरांना म्हणायचे, "मग 'दुखरी नस' म्हणजे काय हो?"

"ती वायर. पाण्याचा नळ कवा दुखल्याला ऐकलाय का?"

"आणि शिरा ताणून ओरडणं?"

"चूक हाय. शिरा ताणत नाय, फुगती. नळ हाय ती. तुमच्या लोकांनी बघितलंच नाय, नुसतं लिहिलं."

'तुमच्या लोकांनी' म्हणजे सगळ्या मराठी साहित्यानं. हे ऐकून मी दोन दिवस त्यांना चहा विचारला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारला.

सर मूळचे लासूर स्टेशन या बाजाराच्या गावापलीकडच्या एका वाडीतले. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कॉलेजला जाईपर्यंत आपण शाळेत कमी आणि कळपामागं जास्त होतो, असं ते सांगत. आणि ऊतींचा धडा आपण पुस्तकात वाचायच्या आधी हातांनी शिकलो, असंही. मेंढराचा पाय मोडला तर बांबूच्या कामट्या लावून कसा बांधायचा, हाड मोडलं की नुसतं मुरगळलं हे बोटांनी कसं ओळखायचं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना दाखवलं होतं. "नववीत मास्तरांनी शिकिवलं, हाडाला हाड बांधती ती अस्थिबंध. मी उठून म्हणलं, सर, ती मी काल रातच्याला खाल्ली. तुटता तुटंना."

दिसायला ते अगदीच साधे होते. बुटके, रुंद हाडाचे, डोक्यावर पांढरे खुंट, पायात चपला, खिशात कायम खडूचे तीन तुकडे. बोलणं मात्र असं, की शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असले तरी माझी पोरं कान तिकडं लावून बसत. बरं, त्या कानांवरही सरांचं एक मत होतं. "कानात हाड नसतं, कास्थी असती. कूर्चा. पिरगाळली तरी मोडत नाय, परत जागेवर येती. ही देवानं मास्तर लोकांसाठी केल्याली सोय हाय." एवढं बोलून त्यांनी स्वतः मात्र बारा वर्षांत एकाही पोराचा कान धरला नाही. पोरांना स्वतःचाच कान दुमडून सोडायला लावायचे, मग नाकाचा शेंडा, मग कोपर. "ह्ये वाकलं, ह्ये वाकलं, ह्ये वाकंना. झाला धडा. लिहून घ्या."

रक्त ही संयोजी ऊती, म्हणजे जोडणारी ऊती, असं पुस्तकात आहे. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, की सर, रक्त तर पातळ असतं, ते कशाला काय जोडणार? सरांचं उत्तर ठरलेलं : "एसटी कोणाला दोरीनं बांधती का? तरी गावाला गाव जोडतीच ना? डबा नेती, निरोप नेती, कचरा बी नेती."

एकदा पावसानं शाळा लवकर सुटली आणि आम्ही सगळे स्टाफरूममध्ये अडकलो. सरांनी तेवढ्या वेळात सगळ्या शिक्षकांच्या ऊती ठरवून टाकल्या. गणिताचे सर अस्थी, कारण वाकणं माहीत नाही. पी.टी.चे सर पट्टकी स्नायू, म्हणजे हातापायांचे. हुकूम मिळाला की हलतात आणि लवकर दमतात. कारकून अपट्टकी स्नायू, पोटातल्या आतड्यासारखे. "आपण कितीबी ओरडा, ते त्यांच्याच चालीनं चालत्यात. पर चालत्यात. काम पुढं सरकतंच." मुख्याध्यापक चेता ऊती. "सोता इंचभर हलत नाय, बाकीच्यांना हलिवती." हृदयाचा स्नायू कुणालाच दिला नाही. म्हणाले, "जन्मापासून मरेस्तोवर एक दिवस रजा न घेणारा माणूस ह्या शाळेत मला तरी दिसंना."

आणि मी? माझं आडनाव तुपे. माझ्याकडं बघून सर जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुपे बाई, मेद ऊती."

स्टाफरूम हसून कोसळली. माझं वजन हा काही लपवण्यासारखा विषय नाही, तरी मला राग आला. घरी गेले आणि नववीचं विज्ञानाचं पुस्तक काढून बघितलं. मेद ऊती : शरीराला ऊब देते, अवयवांना धक्क्यांपासून वाचवते, अडीअडचणीसाठी शक्ती साठवून ठेवते. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "वाचलं का?" मी म्हणाले, "वाचलं." विषय संपला. खरं सांगायचं तर इतकं चांगलं माझ्याबद्दल अजून कुणी बोललेलं नाही.

ऊतींचा धडा आला, की सरांचा डबा जड व्हायचा. त्यात भाकरीखाली एक वेगळी डबी असे आणि डबीत कोंबडीचे दोन पाय, स्वच्छ धुतलेले. ते वर्गात पाय वर धरायचे. कापलेल्या टोकाशी पांढऱ्या दोऱ्या दिसत. त्यातली एक चिमट्यात धरून ओढली, की मेलेल्या कोंबडीची बोटं झपकन् मिटत. पोरी किंचाळत. सर मागच्या बाजूची दोरी ओढत, बोटं उघडत. मग मिट-उघड, मिट-उघड करत ते पाय सगळ्या बाकांवरून फिरवायचे. "बघा, कोंबडी टाटा करायली. हिला मेंदू नाय, रक्त नाय, जीव बी नाय. तरी बोट हललं. कामून? दोरी शाबूत हाय."

एका वर्षी कुणा पालकांनी तक्रार केली, की आम्ही शाकाहारी, आमच्या मुलीनं दोन दिवस जेवण टाकलंय. मुख्याध्यापकांनी सरांना डबीसकट बोलावलं. मी सह्या घ्यायला तिथंच उभी होते. मुख्याध्यापकांनी आधी पाच मिनिटं समज दिली. मग म्हणाले, "नक्की करता तरी काय तुम्ही?" सरांनी दोरी ओढून दाखवली. मुख्याध्यापकांनी हात पुढं केला. "द्या इकडं," म्हणाले. त्यांनी तीनदा ओढली. पुढच्या तासापासून डबी उघडायच्या आधी फळ्यावर सूचना लागायची, की ज्यांना बघायचं नसेल त्यांनी वाचनालयात बसावं. बसायला कुणी जात नसे. ती शाकाहारी मुलगी पहिल्या बाकावर असायची.

आता सानियाकडं येते. नळानळांतून देशप्रेम वाहणारी तीच. सरांची ती लाडकी, कारण तिच्यासारखी आकृती शाळेत कुणी काढत नसे. चेतापेशी काढावी तर तिनंच. वरचं ते फांद्या फुटलेलं टोक, मधलं शरीर, खाली लांबच लांब शेपूट. सर फळा तिच्या हवाली करून स्वतः मागच्या बाकावर बसायचे. घरी ती मेंदी काढायची. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात नवरीचा हात सानियाकडंच यायचा.

सप्टेंबर महिन्यात घरी काचेचा ग्लास धुताना तो तिच्या हातात फुटला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या बाजूनं, खोल कापलं. जवळच्या दवाखान्यात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "नशीब, नस वाचली." ते ज्या नसेबद्दल बोलत होते ती वाचली होतीच. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

आठ दिवसांनी ती शाळेत आली. मी वर्गशिक्षिका, मला फक्त पट्टी दिसली. सरांना दुसरंच दिसलं. तास संपल्यावर ते तिला घेऊन स्टाफरूममध्ये आले.

"बाई, ही पोरगी पेन कसं धरती बघा."

तिनं पेन पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात अडकवलं होतं. अंगठा बाजूला, लाकडासारखा.

"अंगठा वाकत नाय का?"

"नाही सर. अम्मी म्हणते नस चढलीये. उतरेल."

मी वाट बघत होते, सर आता तो प्रश्न विचारतील आणि आम्ही हसू. त्यांनी विचारला, पण हसले नाहीत. "कोणती गं? नळ, वायर का दोरी?"

त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक अंगठ्याला हलकेच टेकवलं. "कुठं टोचलं?" तिनं बरोबर सांगितलं. चार जागा, चारही बरोबर. "वायर चालू." अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, परत गुलाबी झालं. "नळ चालू." मग अंगठ्याचं खालचं पेर घट्ट धरलं. "आता नुसतं टोक वाकव."

तिनं जोर लावला. चेहरा लाल झाला. टोक तसंच.

"दोरी," सर म्हणाले. मग तिला वर्गात पाठवून माझ्याकडं वळले. "दोरी तुटली बाई. आन् आठ दिस झाले."

"म्हणजे?"

"स्नायू वर कोपराकडं ऱ्हातो. दोरी तुटली की तो आखडतो आन् तुटल्यालं टोक आत वढून घेतो. पायजम्याची नाडी आत गेल्यावानी. जितका उशीर, तितकी आत. मंग सापडंना."

"ही चौथी वस्तू झाली सर. नाडी," मी म्हणाले. चुकीच्या वेळी विनोद करायची मला खोड आहे. सरांनी ऐकलंही नाही.

सानियाचे वडील इरफानभाई यांचं क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. पंप, कूलर, गिरणीच्या मोटारी. जळालेली तार काढून नवी गुंडाळायची, असं काम. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं तिथं गेलो. सरांच्या हातात डबी होती. ती त्यांनी येताना वाटेत चिकनच्या दुकानातून भरून घेतली होती.

इरफानभाईंनी स्टुलं पुसून दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. मग अदबीनंच म्हणाले, "सर, डॉक्टर बोले ना, नस बची है करके. अन् रविवारी आम्ही लासूर स्टेशनला चाललोत. तिथं एक जण नस बसवतो. लई नाव आहे त्याचं."

सर एकदम सरसावले. "त्यो? अवो, त्यो माझा चुलतभाऊ! मेंढराची बी त्योच बसवतो. हात चांगला हाय त्याचा. मुरगळलं असंल तर मीच पाठवीन तुम्हाला. पर तुटल्याली दोरी चोळून जुळत नाय, इरफानभाई. चोळली तर अजून आत जाती."

आणि त्यांनी डबी उघडली. दोरी ओढून दाखवली. बोटं मिटली. मग कात्रीनं दोरी कापली, आणि वरून ओढली. बोटं जागची हलली नाहीत.

इरफानभाईंनी तोंड फिरवलं. "सर, वो मुर्गी है. ये मेरी बेटी है. हाथ फिर से चीरने का?"

सरांनी डबी बंद केली.  चहा आला, प्यायलो. दुकानात एक मोटार चाचणीला लावलेली होती, ती घुंघुं फिरत होती. काही तरी बोलावं म्हणून मी विचारलं, "ही दुरुस्त झाली का?"

"मोटार तर चांगलीच होती, मॅडम. गिऱ्हाईक म्हणाला, चक्की फिरत नाही, मोटार जळाली. मी खोलून बघितली. वायरिंग ठीक, करंट ठीक, मोटार फर्स्ट क्लास. पट्टा तुटला होता बस..." आणि ते तिथंच थांबले.

त्यांनी त्या फिरणाऱ्या मोटारीकडं बघितलं. मग भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या काळ्या पट्ट्यांकडं. मग सरांकडं.

"मतलब... पट्टा टूटा है?"

"व्हय," सर म्हणाले. "पट्टाच. वायर ठीक, मोटार ठीक. पट्टा बदलता येत नाय, पर जोडता येतो. आत्ताच."

इरफानभाई बराच वेळ स्वतःच्याच हाताचा अंगठा मिटत-उघडत बसले. शेवटी म्हणाले, "जोडल्यावर वाकेल? नक्की?"

आणि इथं सरांच्या हातून चूक झाली. ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना 'नक्की' हा शब्द प्रयोगवहीत लिहू दिला नाही, तो म्हणाला, "वाकंल. माझी जबान."

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात दाखवलं, दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली. दोरी वर सरकली होती, पण सापडली. डॉक्टरांनी सांगितलं, की आणखी दोन दिवसांनी आला असतात तर फार अवघड होतं. इरफानभाईंनी शाळेत पेढे पाठवले. सहा आठवडे हाताला आधाराची पट्टी, मग व्यायाम. सगळं ठीक होणार असं आम्ही धरून चाललो.

पट्टी निघाली. अंगठा वाकेना.

डॉक्टर म्हणाले, दोरी जुळली आहे, पण जखम भरताना आजूबाजूला चिकटली आहे. व्यायाम करत राहा, महिनोन्महिने लागतील, काही वेळा पुरतं सुटतही नाही. सरांनी मला हे स्टाफरूममध्ये समजावून सांगितलं. "संयोजी ऊतीचा गुण त्योच दोष, बाई. तिला जोडायला सांगितलं की दिसंल त्याला जोडती. आपल्या पाहुण्यांवानी. लगीन एकाचं जमवायला बोलवावं, तर चौघांचं जमवून जात्यात." विनोद तसा बरा होता. पण करताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

तेव्हापासून एक नवा रिवाज सुरू झाला. सकाळी सर शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे. सानिया आली की ते आपला अंगठा वर करून टोक वाकवायचे, नमस्कार केल्यासारखं. ती आपला वर करायची. तो ताठ. सर म्हणायचे, "उद्या." ती म्हणायची, "उद्या सर." नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. ती डाव्या हातानं आकृत्या काढायला शिकली. चेतापेशीचं शेपूट थरथरायचं. लग्नसराई आली आणि गल्लीतल्या नवऱ्या मेंदीसाठी दुसरीकडं जाऊ लागल्या. इरफानभाई फाटकाशी तिला सोडायला येत, सरांना सलाम करत, पण पूर्वीसारखं थांबून बोलत नसत. ते काही बोलले असते तर सरांना बरं वाटलं असतं.

सर बदलले. स्टाफरूममध्ये डबा लवकर संपवायला लागले. एकदा नववीच्या वर्गात कुणीतरी मुद्दाम, सरांनी हसावं म्हणून, "सर, नस चढली" म्हणालं. सर नुसतं "बस खाली" म्हणाले. मी शेजारच्या वर्गातून ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. बारा वर्षं मी ज्या प्रश्नाला कंटाळले होते, तो त्या दिवशी मला हवा होता.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले. आदल्या आठवड्यात सानियाच्या अंगठ्याचं टोक कणभर हललं, असं ती म्हणत होती. सरांनी भिंग लावून बघितलं आणि खरं तेच सांगितलं, "मला दिसलं नाय, बेटा." निरोपाच्या कार्यक्रमात शाल झाली, नारळ झाला, मुख्याध्यापक चेता ऊतीसारखे बसल्या जागेवरून सगळ्यांना हलवत होते. इरफानभाई आले होते. मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून उभे.

सर बोलायला उठले. सगळ्यांना वाटलं, आता कोंबडी निघणार. ते म्हणाले, "मी एका बापाला जबान दिली व्हती. मास्तरानं जबान द्यायची नसती. माहिती द्यायची असती. मी पोरांच्या लई चुका काढल्या, आज माझी एक सांगतो." आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हे कुणाला कळेना. मी वाजवल्या. मग सगळ्यांनी. माझे डोळे भरले होते, आणि मी ते लपवले नाहीत. मेद ऊतीनं धक्का सोसायचा असतो, पण प्रत्येक वेळी जमतं असं नाही.

इरफानभाई नंतर त्यांच्याजवळ गेले. एवढंच म्हणाले, "सर, उस दिन आप नहीं आते तो मैं मालिश कराता." सरांनी मान हलवली. पण त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. ते गावी निघून गेले. फोन केला तर उचलायचे नाहीत. उचलला तर मेंढरं, चारा, पाणी. अंगठ्याचं कधी विचारायचे नाहीत. मीही सांगायची नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

मेच्या शेवटी एक दिवस दुपारी दारात इरफानभाई आणि सानिया. "मॅडम, सरांच्या गावाला जायचंय. तुम्ही पण चला." का, ते दोघंही सांगेनात. सानिया उजवा हात ओढणीत गुंडाळून बसली होती. मी ओळखलं. पण मीही विचारलं नाही. काही गोष्टींचा पहिला मान ज्याचा त्याला द्यावा.

बाजाराच्या दिवशी आम्ही लासूर स्टेशनला उतरलो. सर बाजारातच सापडतील असं त्यांच्या चुलतभावानं सांगितलं होतं. सापडलेही. बकऱ्या-मेंढरांच्या गर्दीत, एका बकऱ्याचा मागचा पाय हातात धरून ते व्यापाऱ्याला सांगत होते, "नस नाय म्हणायचं. कोणती ते सांग." अंगात बंडी, डोक्याला रुमाल, दाढी वाढलेली. आम्हाला बघून त्यांनी पाय सोडला. बकरा पळाला. व्यापारी त्याच्यामागं पळाला.

सानियानं ओढणीतून हात काढला, वर केला आणि अंगठ्याचं टोक वाकवलं. पूर्ण नाही. पण चांगलं वाकलं, सगळ्यांना दिसेल असं.

सर दोन पावलं पुढं आले. "दुसऱ्या बोटानं ढकलत नायस ना?"

"नाही सर."

त्यांनी तिचं खालचं पेर घट्ट धरलं, स्टाफरूममध्ये धरलं होतं तसंच. "वाकव."

वाकला.

"पुन्यांदा."

पुन्हा वाकला. सरांनी तिचा हात सोडला, डोक्याचा रुमाल काढला आणि भर बाजारात तोंड झाकून रडले. इरफानभाई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "जबान पूरी हुई सर." सर रुमालातूनच म्हणाले, "माझी नाय. तिच्या व्यायामाची." मग नाक पुसून माझ्याकडं बघितलं. "तुपे बाई, आता ह्या पोरीनं 'नळानळांत' लिहिलं तर मार्क कापू नका." मी म्हणाले, "कापणार." ते हसले. अगदी पूर्वीसारखे हसले.

मग त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली, चुलतभावाशी ओळख करून दिली, आणि चुलतभावाला सगळ्यांदेखत दहा मिनिटं दोरीचा धडा दिला. निघताना सानियानं पिशवीतून एक कागद काढला. चेतापेशीची आकृती, उजव्या हातानं काढलेली. शेपूट सरळ होतं. सरांनी तो चारी बाजूंनी बघून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

बस हलली तेव्हा मी खिडकीशी होते. सर बाजाराच्या कडेला उभे राहून आम्हाला अंगठा दाखवत होते. वर करायचे, वाकवायचे. वर करायचे, वाकवायचे. सानिया इकडून करत होती. आणि सरांच्या शेजारी तो बकऱ्यांचा व्यापारी, ज्याला यातलं काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं, एका हातात बकरा धरून दुसऱ्या हाताचा अंगठा वाकवून बघत होता.